बटणाचं कुलूप

“…मग नियम केलेच कशाला, सर? मोडायला?”

तुस्कानो सरांनी माझ्या हातात एक टोपली दिली.

“तोंडली खुडता खुडता बोल,” ते म्हणाले.

वसईला सरांच्या वाडीत तोंडल्याचा मांडव आहे. शनिवारची सकाळ होती. मी पुण्याहून अंधारात निघाले होते आणि टॅक्सीत तीन वेळा भाषणाची उजळणी केली होती. भाषणात तोंडली नव्हती.

सरांनी मला वेबसाइटचं काम शिकवलं त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हा मी बावीसचीच होते. आता चव्वेचाळीसची आहे. माझ्या पदाच्या नावात चार शब्द आहेत आणि मी डोक्यावर चष्मा ठेवून घरभर चष्मा शोधते. सर एकाहत्तरचे. त्यांना चष्माच लागत नाही. देवाच्या कारभारात काही गोष्टी तपासून घ्यायला हव्यात.

सर निवृत्त होऊन वाडीत राहायला गेले, तरी आमच्या धंद्यातली माणसं अडली की त्यांच्याकडे जातात. लॅपटॉप घेऊन जातात आणि भाजी घेऊन परत येतात. मधल्या वेळात काय झालं ते कोणालाच नीट सांगता येत नाही.

मी खुडत होते आणि गाऱ्हाणं घालत होते.

आमची कंपनी दवाखाने, शाळा, वाचनालयं यांच्या वेबसाइट बनवते. सात शहरांत सात टीम. पूर्वी प्रत्येक टीम आपापलं बटण करायची. एकीचं हिरवं, एकीचं निळं. कुठे ‘जतन करा’ डावीकडे, कुठे उजवीकडे, आणि एका ठिकाणी तर सगळ्यात वर, जिथे ते शोधायला कोणी जातच नसे. एकच बाई सकाळी दवाखान्याची वेळ घ्यायची, दुपारी मुलीचा शाळेचा अर्ज भरायची, आणि दोन्हीकडे पहिल्यापासून चाचपडायची. म्हणून कंपनीनं ठरवलं, बटणं, रकाने, रंग, अक्षरं सगळं एकाच ठिकाणी बनवायचं आणि सगळ्या टीमनी तिथूनच उचलायचं. कागदोपत्री त्याला डिझाइन सिस्टिम म्हणतात. ऑफिसात सगळे पेटी म्हणतात.

ती पेटी मी केली. मी आणि माझ्या हाताखालच्या दोघी. दोन वर्षं लागली.

आणि सातपैकी सहा टीमनी काय करावं? पेटीतलं बटण घेतलं, त्याची आपल्याकडे एक नक्कल केली, आणि त्या नकलेत मनाला येतील ते फेरफार केले. मी पेटीत काही सुधारलं तर ते त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. त्यांचं त्यांचं बटण, त्यांचा त्यांचा संसार.

“आणि सातवी टीम?” सरांनी विचारलं.

सातवी टीम आदर्श होती. एकही फेरफार नाही. माझ्या प्रत्येक अहवालात तिचं नाव पहिलं असायचं.

“त्यांचं काम आठ महिने बंद आहे,” मी म्हणाले.

सर मांडवाच्या पलीकडे गेले. पानांमागून खोकल्यासारखा आवाज आला. तो खोकला नव्हता.

मी मुद्द्यावर आले. आमच्या मोहोळकर साहेबांनी सोमवारी सातही टीमच्या प्रमुखांना पुण्याला बोलावलं होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. पेटी एक तर सगळ्यांनी वापरायची, नाही तर ती बंद करायची. बंद झाली तर माझ्या त्या दोघींना दोन वेगळ्या टीममध्ये पाठवणार, आणि मला कुठे पाठवणार हे साहेबांनी सांगितलं नव्हतं. ते नुसते माझ्याकडे बघून हळहळले होते.

माझ्याकडे उपाय होता. मी एक कुलूप लिहिलं होतं. कुलूप म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम. कोणतंही पान लोकांसमोर जायच्या आधी तो तपासणार. पेटीतल्या बटणात कोणी बोट घातलेलं दिसलं, की पान तिथेच अडकणार. सोमवारपासून ते सगळ्यांना लागू करायचं. फक्त साहेबांची खात्री पटत नव्हती. तुस्कानोंना विचारून या, ते हो म्हणाले तर माझी हरकत नाही, असं ते म्हणाले होते.

“मला तुमच्याकडून एकच शब्द हवाय, सर. साहेबांना सांगा, कुलूप लावा.”

सरांनी माझ्या टोपलीत पाहिलं.

“ही सगळी लाल आहेत.”

मी निवडून निवडून लाल तोंडली खुडली होती. हिरव्या पानांत ती फार शोभून दिसत होती.

“लाल झालेली बुलबुलांसाठी ठेवतो,” सर म्हणाले. “भाजीला हिरवी लागतात.”

त्यांनी टोपली मांडवाखाली रिकामी केली आणि घराकडे चालू लागले. मी मागोमाग.

ओट्यावर सेसिलबाय बसल्या होत्या. सेसिलबाय म्हणजे सरांची थोरली बहीण, वय अठ्ठ्याहत्तर. मांडीवर वही, कानाला फोन. कोणाला तरी सांगत होत्या की घमेली पुष्कळ झाली, आता फावडं असेल तरच ये.

त्यांच्या आळीत एक बावखल आहे. बावखल म्हणजे वाडीतलं छोटं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं आणि आजूबाजूच्या विहिरींना वर्षभर पुरतं. पुढच्या रविवारी आळीतल्या सगळ्यांनी मिळून त्यातला गाळ काढायचा होता. कोण येणार आणि काय घेऊन येणार, ते सेसिलबाय वहीत लिहून घेत होत्या. लोक नेमके त्यांच्या दुपारच्या झोपेत फोन करत होते.

“हिला नावं नोंदवायला एक पान करून दे,” सर मला म्हणाले. “तुझ्या पेटीतून.”

मला बरं वाटलं. म्हटलं, बघू देत यांना. लॅपटॉप उघडला. करता करता सरांना बटणाची महती सांगितली. त्याचे कोपरे किती गोल असावेत यावर आमच्या तीन बैठका झाल्या होत्या. उंची बरोबर चाळीस, म्हणजे स्क्रीनवरचे चाळीस ठिपके. एकोणचाळीस केली की खुजं दिसतं, एक्केचाळीस केली की उद्धट. हे मला समजायला चार महिने लागले.

“चार महिने,” सर म्हणाले.

मी ते कौतुक समजले.

दहा मिनिटांत पान तयार. खरं सांगायचं तर आठ, पण मी दोन मिनिटं त्याच्याकडे बघत बसले. वर नावाचा रकाना, मध्ये घमेलं की फावडं, आणि खाली माझं बटण. त्यावर लिहिलं, ‘मीही येणार’. लॅपटॉप सेसिलबायकडे असा वळवला, जशी पहिली पुरणपोळी पाहुण्याच्या ताटात सरकवतात.

सेसिलबायनी लॅपटॉपकडे पाहिलंही नाही. आळीत कोणाच्या मांडीवर लॅपटॉप असतो, असं त्यांनी विचारलं. फोनवर काय दिसतं ते दाखव.

मी लिंक पाठवली. त्यांनी फोन लांब धरला. जवळ आणला. परत लांब धरला.

“काय गो, ह्या अक्षरांची डोकी कोणी उडवली?”

मी म्हणाले, असं होणारच नाही, माझ्याकडे नीट दिसतंय. आमच्या धंद्यात हे वाक्य रोज म्हटलं जातं. त्यानं आजवर कोणाचंच समाधान झालेलं नाही.

त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला.

सेसिलबायनी फोनवरची अक्षरं सगळ्यात मोठी करून घेतली होती. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी कोण नाही करणार? अक्षरं वाढली होती आणि माझं बटण चाळीसचं चाळीसच राहिलं होतं. जागाच नव्हती. वेलांट्या आणि मात्रा वरच्या काठाला सरळ कापल्या गेल्या होत्या. खाली नुसती धडं उभी होती.

दोन वर्षं मी हे बटण तपासत होते. माझ्या लॅपटॉपवर, माझ्या चष्म्यातून, आणि त्यावर इंग्रजीत ‘बटन’ एवढा एकच शब्द लिहून. त्या शब्दाला वर ना वेलांटी, ना मात्रा. तो छान मावायचा.

सरांनी एक लिंबू घेतलं आणि ते हातात फिरवत बसले.

…

सेसिलबाय समजूतदार निघाल्या. म्हणाल्या, राहू दे, मी आपली वहीतच लिहिते, तू जेवूनच जा.

हे मात्र मला झोंबलं. मी लॅपटॉप ओढला आणि त्या पानावर, बटणाच्या कोडखाली, एक ओळ घातली. उंची कमीत कमी चाळीस, पुढे अक्षरांना लागेल तेवढी. अर्धं मिनिट लागलं. सेसिलबायच्या फोनवर बटण आळस दिल्यासारखं उंच झालं आणि सगळी डोकी जागच्या जागी आली.

त्यांनी अंगठ्यानं बटण दाबलं. यादीत पहिलं नाव आलं, सेसिल तुस्कानो, फावडं. त्या इतक्या खूश झाल्या की लगेच लिंक आळीतल्या सगळ्यांना पाठवायला बसल्या.

“झालं,” मी म्हणाले. जरा ऐटीतच म्हणाले असेन.

“ही ओळ कुठे घातलीस?” सरांनी विचारलं.

“इथेच. ह्या पानावर.”

“पेटीत का नाही?”

“पेटीत बदल करायचा तर फॉर्म भरावा लागतो, सर. तेवीस रकाने आहेत. मग महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी बैठक असते, तिथे ठरतं.”

“फॉर्म कोणी केला?”

…

“मी.”

“बैठकीत कोण असतं?”

“मी असते. आणि माझ्या दोघी. त्या माझंच ऐकतात.”

सर मान हलवत राहिले, जसं काही मी फार व्यवस्थित काम केलं होतं.

“तुझं कुलूप ह्या लॅपटॉपवर आहे?”

“आहे. अजून लागू नाही, नुसतं तपासतं.”

“मला बघायचंय, चालतं कसं.”

मला तेव्हाही कळलं नाही. मी उत्साहानं कुलूप उघडून दाखवलं. इथे पानाचं नाव द्यायचं, इथे ‘तपासा’ म्हणायचं. सरांनी बावखलाच्या पानाचं नाव दिलं. दोन बोटांनी, एक एक अक्षर शोधत. मग लिंबू खाली ठेवलं आणि ‘तपासा’ दाबलं.

स्क्रीनवर निरोप आला. तो मीच लिहिला होता. कोणाचं मन दुखू नये म्हणून एक अख्खी दुपार त्यावर घालवली होती.

‘क्षमस्व. पेटीतील बटणात फेरफार आढळला आहे. हे पान थांबवण्यात येत आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभारी आहोत.’

खाली जोडलेल्या हातांचं चित्र. त्याच्या खाली, लाल अक्षरांत:

‘फेरफार करणाऱ्याचे नाव: वैजयंती खानविलकर.’

तेवढ्यात माझ्या पर्समध्ये फोन वाजला. कोणी नियम मोडला की मला तक्रार पोचावी, अशी सोय मीच करून ठेवली होती. ती उत्तम चालत होती.

…

आधी सेसिलबाय हसल्या. त्यांना काय झालं ते नीट कळलं नव्हतं, पण माझा चेहरा दिसत होता. मग सर हसले. मग मला आवरेना. हसता हसता माझा चष्मा डोक्यावरून घसरून नाकावर आला, तेव्हा कळलं की तो इतका वेळ डोक्यावरच होता.

हसू ओसरल्यावर सरांनी पाणी दिलं.

“त्या सहा टीमनी काय काय बदललंय?” त्यांनी विचारलं.

“तीनशे बारा फेरफार,” मी म्हणाले. हा आकडा मला पाठ होता. त्याचा एक रंगीत तक्ताही केला होता, सोमवारी दाखवायला.

“आकडा नाही विचारला. काय बदललंय?”

…

मी मोजले होते, वाचले नव्हते.

सर उठले. म्हणाले, मी भाजी चिरतो, तू वाच. स्वतः खुडलेली हिरवी तोंडली घेऊन ते आत गेले.

मी ओट्यावर बसून वाचायला लागले. पहिली टीम कोल्हापूरची. त्यांनी बटण गुलाबी केलं होतं, का तर शाळेच्या संस्थापकांना गुलाबी आवडतो. मला जरा धीर आला. म्हटलं, बघा, बेशिस्त ती बेशिस्तच. आणखी खाली गेले. गुलाबी रंगाच्या खाली एक ओळ होती. उंची कमीत कमी चाळीस, पुढे लागेल तेवढी.

दुसरी टीम जळगावची. तीच ओळ. तिसरीनं उंचीचा आकडाच काढून टाकला होता. चौथीनं चाळीसचे साठ केले होते. ते दिसायला भयंकर होतं, पण डोकी शाबूत होती. पाचवीनं उंचीला हात लावला नव्हता, बटणामागची सावली तेवढी वेगळी होती. ती माझ्या बटणाच्या सावलीपेक्षा बरी होती, हे मी इथेच कबूल करते आणि पुन्हा करणार नाही.

सहावी टीम नागपूरची. तिथे तीच ओळ होती आणि ओळीच्या वर एक टीप. कोड लिहिणारे एकमेकांसाठी अशा टिपा ठेवतात, वापरणाऱ्यांना त्या दिसत नाहीत.

‘दवाखान्यात येणाऱ्या आजी-आजोबांच्या फोनवर अक्षरं कापली जात होती म्हणून उंची मोकळी केली. पेटीतच व्हायला पाहिजे. मॅडमना फॉर्म पाठवला आहे. उत्तर आलं की ही नक्कल काढून टाकायची.’

खाली तारीख. आठ महिन्यांपूर्वीची.

त्याच्या खाली त्याच हातानं आणखी एक ओळ: ‘अजून उत्तर नाही.’

मी जुने फॉर्म काढून पाहिले. नागपूरचा फॉर्म होता. मीच बाजूला ठेवला होता. सतरावा रकाना रिकामा राहिला म्हणून.

सतराव्या रकान्यात काय भरायचं असतं, ते मला आठवेना.

…

सर भाजीची परात घेऊन बाहेर आले. माझ्याकडे पाहिलं आणि परत आत जायला निघाले.

“सर, थांबा,” मी म्हणाले. “पाच जणांनी आपापल्या परीनं तेच केलंय जे मी केलं. एकमेकांना न विचारता.”

“तुला विचारून,” सर म्हणाले.

मी फोन उचलला.

नागपूरच्या टीमचा प्रमुख हर्षदीप फुलझेले. तिशीचा असेल. दोन वर्षांत आमचं बोलणं म्हणजे मी पाठवलेल्या सूचना आणि त्याचं ‘ओके मॅडम’. शनिवारी सकाळी माझं नाव बघून तो दचकला असणार. पहिलं वाक्यच असं, की मॅडम, कोणतं पान बंद पडलं?

मी म्हणाले, काही बंद पडलं नाही, तुमची टीप वाचली.

पलीकडे एक दार लागल्याचा आवाज आला.

मग त्यानं सावकाश विचारलं, कोणती टीप. त्यावरून मला कळलं की अशा बऱ्याच टिपा आहेत.

मी आठ महिन्यांपूर्वीची सांगितली. माफी मागितली. माफी मागायची मला फार सवय नाही, त्यामुळे ती जरा लांबली आणि मध्येच सतराव्या रकान्यावर घसरली. फुलझेलेनं मला अडवलं.

“मॅडम, जाऊ द्या नं. पण तुम्ही कुलूप लावून राहिल्या म्हणून आम्ही ऐकलं. मग आजी लोकांचं काय करायचं, तेवढं सांगा.”

“तुमची ओळ पेटीत घालायचीय,” मी म्हणाले. “तुमच्याच हातानं. मी आत्ता तुम्हाला परवानगी देते.”

“फॉर्म?”

“नाही.”

“गुरुवार?”

“आज शनिवार आहे, फुलझेले.”

तो हसला. मग एकदम मोकळा होऊन बोलायला लागला. म्हणाला, आम्हाला काय हौस आहे का वेगळं बटण सांभाळायची? पेटीत तुम्ही काही चांगलं केलं की आम्ही ते बघत बसतो, आमच्या नकलेत ते येतच नाही. मग हातानं उतरवून घ्या. दोन माणसं त्यातच गुंतली आहेत. जळगाववाल्यांचंही तेच आहे. कोल्हापूरवाल्यांचंही. त्यांचा एक वेगळा ग्रुप आहे, त्यात ते एकमेकांना हेच विचारत असतात.

ग्रुपचं नाव काय, मी विचारलं.

ते त्यानं सांगितलं नाही. मीही आग्रह धरला नाही.

त्याला ओळ घालायला वीस मिनिटं लागली, कारण त्यानं आधी आपल्या आईच्या फोनवर, मग शेजारच्या काकांच्या फोनवर तपासून पाहिलं. हे माझ्या तेवीस रकान्यांत कुठेही नव्हतं. मग त्यानं नागपूरची नक्कल काढून टाकली. पाऊण तासात जळगावनं काढली. त्यांना कोणी सांगितलं, ते ग्रुपलाच माहीत. कोल्हापूरनंही काढली. गुलाबी मात्र ठेवला. त्यावरून आमचं फोनवर कडाक्याचं भांडण झालं आणि ते अजून चालू आहे. पण ते समोरासमोरचं भांडण आहे, आणि मला त्याची मजा येते.

मीही बावखलाच्या पानावरची माझी ओळ पुसली. आता तिची गरज नव्हती. बटण पेटीतून आपोआप उंच होऊन आलं. सेसिलबायच्या यादीत तोवर एकोणीस नावं झाली होती. त्यातली पंधरा फावडी होती आणि सेसिलबायना आता घमेल्यांची काळजी लागली होती.

“तपास परत,” सर म्हणाले.

मी कुलूप चालवलं. काही सापडलं नाही. कुलूप गप्प बसलं, आणि मला ते पहिल्यांदाच जरा केविलवाणं वाटलं. दुपारच्या जेवणाआधी मी ते पुसून टाकलं. एक अख्खी दुपार लिहिलेला निरोप होता, जोडलेल्या हातांसकट. वाईट वाटेल असं वाटलं होतं. भूक लागली होती, एवढंच.

तोंडल्याची भाजी, तांदळाची भाकरी आणि लिंबाचं लोणचं. सेसिलबाय वाढत होत्या आणि मध्येच फोनवर आपलंच पान उघडून बघत होत्या.

जेवताना फुलझेलेचा मेसेज आला. सोमवारी मोहोळकर साहेबांना पेटी कशासाठी हवी ते तो सांगणार होता. जळगावच्या टीमप्रमुख बाईही बोलणार होत्या. त्यानं विचारलं होतं, चालेल का.

मी तो सरांना वाचून दाखवला. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

“सर, मग सोमवारी तुम्ही फोनवर असाल ना? साहेब तुमच्या शब्दासाठी थांबलेत.”

“नाही.”

“दोनच मिनिटं. कुलूप नको, पेटी ठेवा, एवढंच सांगायचं.”

“ज्यांनी मोडली ते सांगतायत की.”

ते खरं होतं. त्यांच्याइतकं पटवून मला सांगता आलं नसतं. दोन वर्षांत मी साहेबांना त्या बटणाचे कोपरे दाखवले होते. त्यावर अंगठा ठेवणारी एकही आजी दाखवली नव्हती.

…

“मग मी काय करू?” मी विचारलं. “मी काहीतरी करायला हवं ना, सर. पेटी मी केलीय.”

सरांनी मला आणखी भाजी वाढली. थोडी जास्तच वाढली.

“खुर्च्या मांड.”

मी हसले. सर हसले नाहीत. मग मी मनातल्या मनात हिशोब केला. सात टीमचे सात. साहेब. माझ्या दोघी, आणि मी.

“अकरा,” मी म्हणाले.

सरांनी हात धुतले, पंच्याला पुसले, ओट्याच्या पायरीवर जाऊन बसले, आणि फोनवर पान बघणाऱ्या सेसिलबायकडे मान वळवली.

“बारा मांड.”